फोन केला, उचलला नाही

काय म्हणालास? परत सांग बघू. नोंद आपोआप पडते? तू तिकडे पाय पसरून बसणार आणि लॉगमध्ये 'ग्राहकाला कळवलं' हे वाक्य आपलं आपण येऊन बसणार?

वा. तो लॅपटॉप मिटव आधी. आणि तुम्ही दोघं मित्र निघायच्या घाईत दिसताय, पण बसा. तुम्हीही याच्याच धंद्यातले. सोमवारपासून माझा पुतण्या रात्रपाळीला जाणार, सर्व्हरवर लक्ष ठेवणार, म्हणून सगळं घर खूश आहे. मीही होतो, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत. काकूला हाक मारू नका. ती झोपली आहे, आणि ही गोष्ट मी तिच्यासमोर सांगत नाही.

मघापासून माझी टिंगल चालली होती ना, की काका अर्धी रिंग वाजायच्या आत फोन उचलतात, राँग नंबर असला तरी उचलतात, आंघोळीला जातानाही फोन पिशवीत घालून नेतात? करा टिंगल. फक्त का उचलतो ते ऐकून घ्या, आणि मग हसायचं तर हसा.

हे माझ्या साडूचं आहे. तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अकरा वर्षं झाली, या घरात त्याचं नाव निघत नाही, तर मीही काढणार नाही. साडूच म्हणतो.

त्याची नोकरी तुझ्यासारखीच. तीन मजली इमारत, वरच्या मजल्यावर एक मोठी खोली, खिडकी एकही नाही. आत लोखंडी कपाटांच्या रांगा आणि त्यांत लोकांनी भाड्याने ठेवलेले चारशे सर्व्हर. प्रत्येकाला एक वायर, वायर शिरते त्या भोकाला पोर्ट म्हणायचं, पोर्टला नंबर. वायरीतून किती माहिती आत गेली, किती बाहेर आली, याचं दर पाच मिनिटांनी एक रीडिंग पडायचं. त्या रीडिंगची पडद्यावर रेघ उमटायची. साडूचं काम त्या रेघांवर डोळा ठेवायचं. त्याची आई म्हणायची, "शिकून सवरून काय करतो? रात्रभर रेघोट्या बघतो." जीभ अशी तिखट की समोरच्याला ठसका लागावा, पण आम्हा सगळ्यांची ती आईच होती. साडूच्या लग्नात माझ्याच बाजूने माझ्या सासऱ्यांशी भांडली होती.

तर, प्रत्येक गिऱ्हाइकाला मर्यादा ठरलेली. एकाने नळ पूर्ण सोडला की बाकीच्यांचं पाणी बारीक होतं, तसलाच प्रकार. एखाद्याची रेघ मर्यादेवर गेली की त्याचा पोर्ट आवळायचा. म्हणजे बंद नाही करायचा, थेंब थेंब येऊ द्यायचं. पण आवळायच्या आधी एक नियम होता. गिऱ्हाइकाला फोन करायचा. कारण कोणाच्या रेघेच्या मागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, त्यालाच माहीत असतं. तो म्हणाला राहू दे, तर राहू द्यायचं. नाही उचलला, तर पंधरा मिनिटं थांबून परत करायचा. मग आवळायचा.

आता रात्री दोनला कोणाला झोपेतून उठवणार? शिव्या कोण खाणार? साडू हुशार. त्याने एक स्क्रिप्ट लिहिली. रेघ मर्यादेवर गेली की पोर्ट आपोआप आवळला जायचा, आणि लॉगमध्ये वेळेसकट, गिऱ्हाइकाच्या नंबरासकट एक ओळ उमटायची. 'ग्राहकाला फोन केला. उचलला नाही.'

फोन कोणी करतच नव्हतं. त्या स्क्रिप्टमध्ये फोन करायची सोयच नव्हती. फक्त ती ओळ होती.

वर्षभर चाललं. कोणाची तक्रार नाही. मलाही त्याने कौतुकाने सांगितलं होतं, आणि मी हसलो होतो. मी लिफ्ट दुरुस्तीवाला. आमच्या वहीतही 'तपासली, ठीक आहे' असं न तपासता किती वेळा लिहिलंय, ते माझं मला माहीत. चोर चोर मावसभाऊ, दुसरं काय.

पोर्ट सतरा एका साध्या माणसाचा होता. चष्मेवाला, तिशीतला, एका कारखान्यात रात्रपाळी करायचा. बाप अंथरुणाला खिळलेला. जवळ ठेवायला दुसरं माणूस नाही, म्हणून त्याने आपल्या डोक्याने एक सोय केली होती. बापाच्या पलंगावर कॅमेरा आणि उशाशी बेल. दोन्ही त्या सर्व्हरमार्फत याच्या फोनवर. एरवी चित्र बारीक, अंधुक. म्हाताऱ्याने बेल दाबली की कॅमेरा मोठं चित्र आणि आवाज पाठवायला लागणार, म्हणजे पोराला कळावं काय होतंय. कळलं ना? बेल दाबली की रेघ चढणार.

ऑगस्टमध्ये एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी म्हाताऱ्याने बेल दाबली. रेघ चढली. मर्यादा ओलांडली. स्क्रिप्टने पोर्ट आवळला. बेलचा निरोप त्याच नळातून जायचा, तो मोठ्या चित्राच्या मागे अडकला. आणि पोराच्या फोनवर शेवटचं पोचलेलं चित्र तसंच थिजून राहिलं. बाप शांत झोपलाय, पांघरूण गळ्यापर्यंत. पोरगा मशीनवरून मध्ये मध्ये येऊन ते बघायचा आणि निश्चिंत होऊन परत कामाला लागायचा.

म्हातारा चार चाळीसपर्यंत बेल दाबत होता. यंत्रात मोजलेलं होतं. तीस वेळा.

पोरगा ऑफिसात आला. ओरडला नाही, काही नाही. विचारलं, लाइन का आवळली, मला कळवलं का नाही. साहेबांनी लॉग पुढे केला. हे बघा, दोन दहा, तुमचाच नंबर, फोन केला, उचलला नाही. पोराने स्वतःचा फोन काढून दाखवला, त्यात कसलाच फोन आलेला नव्हता. साहेब म्हणाले, फोनचं काय, पुसताही येतो. त्याच्याबरोबर त्याची सासरी राहणारी मोठी बहीण आली होती. ती लॉग वाचून भावाकडे बघायला लागली. साडू सांगत होता, तिने त्याच्याकडे जसं बघितलं तसं माणूस विंचवाकडे बघतं. फोन उचलला असता तर बाबा वाचले असते, एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली.

पोराने सर्व्हर उचलला. जाताना साडूच्या टेबलापाशी थांबला. कसं ओळखलं त्याने कोण जाणे.

"मी उचलला असता," म्हणाला.

बस. एवढंच.

साडू त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, दादा, मी जाऊन खरं सांगतो. निदान त्या बहिणीला तरी सांगतो. आणि मी, तुमचा हा काका, त्याला शहाणपणा शिकवला. म्हणालो, गेलेला माणूस येणार आहे का परत? नोकरी जाईल, वर पोलीस. कागद म्हणतो फोन केला, तर केला. गप्प बस, ताकास तूर लागू देऊ नकोस. त्याच्या आईला हे कळलं असतं तर तिने आम्हा दोघांना दारात उभं केलं नसतं. तिला कळू दिलं नाही. साडूने ती स्क्रिप्ट तेवढी पुसून टाकली. पोर्ट सतरामधली वायर काढली आणि भोकात रबरी बूच बसवलं. झालं, विषय संपला.

हे लक्षात ठेवा. स्क्रिप्ट पुसली होती. ऑगस्टमध्येच.

आता नोव्हेंबरातली सतरा तारीख. तुमच्या काकूचा पाय मुरगळला होता, म्हणून तिची बहीण दोन दिवस आमच्याकडे राहायला येणार होती. संध्याकाळी सात वाजता साडू बायकोला आणि पोरीला सोडायला आला. चहा घेतला. माझ्याकडून एक पाना मागून घेतला, स्कूटरचा आरसा ढिला झाला होता. आई घरी एकटीच आहे, पण तब्येत ठणठणीत, आत्ताच माझी अक्कल काढून झाली, असं हसत म्हणाला. त्याचं घर आमच्यापासून स्कूटरने दहा मिनिटांवर. मी म्हणालो, काही लागलं तर फोन कर, माझा फोन उशाशीच असतो. लिफ्टवाल्याचा फोन असावाच लागतो, कोण कधी अडकेल सांगता येत नाही. तो नऊ वाजता कामावर गेला.

पुढचं सगळं त्याने सांगितलेलं. मी पदरचं काही घालत नाही.

दोन वाजेपर्यंत काही नव्हतं. चारशे रेघा आपापल्या जागी. वातानुकूलनाची घरघर. दोन वाजून पाच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. घरचा नंबर.

आई होती. झोपला नाहीस ना, म्हणाली. तो म्हणाला, रेघोट्या बघतोय. ती हसली नाही.

"अरे, छातीत जरा..."

आवाज तुटायला लागला. एक शब्द यायचा, मग नुसती पोकळी. मग अर्धा शब्द.

"...दार लावून... उठवत नाही... तू..."

मग बराच वेळ काही नाही. मग एकच शब्द, स्पष्ट.

"ये."

आणि फोन गेला.

त्याने उलट लावला. सूरसुद्धा आला नाही. उठला, किल्ल्या घेतल्या, आणि सहज पडद्याकडे बघितलं. चारशे रेघा खाली झोपत होत्या. एकामागून एक. कोणी हाताने दाबून बसवाव्यात तशा. सगळ्या सपाट झाल्या.

एकच रेघ चढत होती. सतरा.

दोन वाजून सात मिनिटं. रीडिंगची वेळही नव्हती.

तो दाराकडे धावला. पोलादी दार, कार्डाने उघडणारं. कार्ड टेकवलं, लाल दिवा. परत टेकवलं, लाल. शेजारी आतून दाबायचं बटण असतं, ते दाबलं. काही नाही. आगीच्या वेळी फोडायची काच असते, ती फोडली. हात कापला. दार तसंच. खाली तळमजल्यावर पहारेकरी, मध्ये सगळी इमारत. खुर्ची घेऊन दारावर हाणली. किती हाणणार? खुर्ची मोडली.

मोबाइल काढला. रेंज भरलेली. पोलिसांना लावला, शांतता. दवाखान्याला लावला, शांतता. शेजाऱ्यांना. बायकोला. नुसती शांतता, जसा फोन कानाला लावलाच नाही.

मग मला लावला. तेव्हा दोन दहा झाले होते.

माझा वाजला.

त्याच्या कानात रीतसर रिंग वाजत होती. वाजली, वाजली, वाजून थांबली. मी उचलला नाही.

लगेच परत लावला. शांतता. परत लावला. शांतता. पाच मिनिटं तसाच लावत राहिला. दोन पंधराला, पडद्यावर पुढचं रीडिंग पडलं त्या क्षणाला, रिंग वाजली. वाजून थांबली. मग परत पाच मिनिटं शांतता. त्याच्या ध्यानात आलं. फोन लागायचा तो फक्त रीडिंग पडताना. आणि फक्त माझाच.

आता माझं ऐका. दोन तीसला काकूला पाणी हवं होतं, म्हणून मी उठलो. वेळ किती झाली ते बघायला उशाचा फोन हातात घेतला. दोन तीस. पडद्यावर काही नाही. फोन गप्प. मी तो हातात धरून उभा होतो, पोरांनो. आणि त्याच मिनिटाला तिकडे त्याच्या कानात माझी रिंग वाजत होती.

मी परत झोपलो. शांत झोपलो.

तिकडे त्याला बेल ऐकू आली.

छोटीशी. उशाशी ठेवतात तसली. कपाटांच्या रांगेतून. त्याचा फोन न उचलता तुटला की ती वाजायची. एकदा. मग थांबायची.

तो बघायला गेला. जायला नको होतं. पोर्ट सतरामधलं रबरी बूच खाली जमिनीवर पडलेलं. भोक रिकामं. वायर नाही. आणि त्याच्या वरचा दिवा लुकलुकत होता... हिरवा. आजारी माणसाच्या खोलीत येतो तसा वास येत होता. मलमाचा, ओल्या चादरींचा. त्या खोलीत कधी माणूस झोपला नव्हता.

तो मागे वळला. टेबलाकडे पळत आला.

पडद्यावर रेघा नव्हत्या. चित्र होतं.

त्याची आई. वरून दिसणारी. शांत झोपलेली, पांघरूण गळ्यापर्यंत.

त्याच्या घरात कॅमेरा नव्हता. कधीच नव्हता.

पण मला म्हणाला, दादा, खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, झोपलीय. काही नाही झालं. मग चित्रातल्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. दोन पाच. खरी वेळ तीन दहा झालेली. तीन वीसला बघितलं, दोन पाच. तीन पस्तीसला...

दोन पाच.

त्याने पडदा पालथा घातला. दारावर लाथा मारल्या. रडला. देवाचं नाव घेतलं. मग नुसता ओरडत राहिला. घसा बसला. बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही.

दर पाच मिनिटांनी माझा नंबर. रिंग. कोणी नाही. मग बेल.

चार वाजता रिंग वाजता वाजता मध्येच थांबली. कोणीतरी उचलला होता. तो म्हणाला, दादा, दादा, आई... आणि थांबला. पलीकडे श्वास होता. म्हातारा, कष्टाने घेतलेला. माझा नव्हे.

खूप वेळ श्वास. मग हळूच, चौकशी करावी तसा आवाज.

"नाही ना उचलला?"

आणि फोन तुटला. बेल वाजली.

चार पस्तीसचा तिसावा फोन. तोही तसाच गेला. त्याच्यातला जोर संपला होता. जमिनीवर बसला. आणि बसल्यावर त्याला एक नंबर आठवला. तोंडपाठ होता. ऑगस्टपासून रोज रात्री डोळे मिटले की दिसायचा. लॉगमधला, दोन दहाच्या ओळीतला. ज्याला फोन केला असं लिहिलं होतं आणि कधीच केला नव्हता.

चार चाळीस व्हायची वाट बघितली. रीडिंग पडलं. त्याने लावला.

अर्धी रिंग.

उचलला.

कोणी बोललं नाही. श्वासही नव्हता. साडूचा घसा बसलेला, त्यातून जेवढा आवाज निघाला तेवढ्यात तो म्हणाला...

"त्या रात्री मी तुम्हाला फोन केला नव्हता. मी खोटं लिहिलं."

पलीकडे शांत.

"तुम्ही उचलला असता. मला माहीत आहे."

शांत.

मग फोन खाली ठेवल्याचा आवाज. आपटल्याचा नाही. सावकाश ठेवल्याचा. आणि त्याच्या पाठीमागे दाराचं कुलूप खट्ट करून सुटलं.

तो घरी पोचला तेव्हा पाचला पाच कमी होते. दार आतून लावलेलं. खांदा देऊन तोडलं. आई दाराच्या आत, उंबऱ्याला डोकं लावून. तिथपर्यंत सरपटत आली होती. हातात फोन. अंग अजून कोमट होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास झाला असेल, फार नाही. अर्धा तास आधी पोचला असता तर वेगळं काही झालं असतं का, हे त्याने विचारलं आणि डॉक्टरांनी नजर दुसरीकडे वळवली. सगळं कळलं आम्हाला.

मला ती फार आवडायची. अजून कोणी माझी अक्कल काढली की मला तिची आठवण येते.

तिसऱ्या दिवशी घरात सगळे नातेवाईक बसलेले. साडू कोपऱ्यात होता, तीन दिवस बोलला नव्हता. अचानक माझ्याकडे वळला. सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, मी तुला तीस फोन केले. का नाही उचललास?

मी माझा फोन काढून दाखवला. त्या रात्री एकही फोन आलेला नाही. त्याने त्याचा दाखवला. माझा नंबर, दोन दहा, दोन पंधरा, दोन वीस, खालीपर्यंत. तो फोन हातोहात फिरला. सासऱ्यांनी बघितला, मेहुण्याने बघितला, साडूच्या बायकोने बघितला. मग तुमच्या काकूने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं मी दोन तीसला उठलो होतो, फोन हातात घेतला होता. तिच्या त्या बघण्यावरून मला साडूने सांगितलेलं आठवलं, माणूस विंचवाकडे कसं बघतं ते.

आणि माझ्या तोंडून निघालं, "मी उचलला असता."

साडूचा चेहरा असा पांढरा पडला, की मला वाटलं हाही जातो आता. त्याने ते वाक्य आधी ऐकलं होतं ना. त्या क्षणी आम्हा दोघांनाच कळलं काय झालंय. बाकीच्यांना काय सांगणार? अकरा वर्षं झाली. तिकडच्या घरात मी अजून फोन न उचललेला माणूस आहे. काकू माझ्याबरोबर राहते, सगळं करते, पण तिच्या मनात ती गाठ आहे, आणि तिला दोष देता येत नाही. तिच्याकडे पुरावा आहे. ज्या पोराला मी गप्प राहून गुन्हेगार ठरवलं, त्याची जागा मला मिळाली, पुरेपूर. म्हाताऱ्याने माझ्या अंगाला बोटही लावलं नाही. फक्त माझा फोन वाजू दिला नाही.

आम्ही दोघांनी त्या पोराला शोधलं. खोली सोडून कुठे गेला, कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बहिणीला भेटलो, सगळं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. साडूने नोकरी सोडली, मग गावही.

पण सोडण्याआधी एकदा तो मला त्या ऑफिसात घेऊन गेला होता, लॉग बघायला. छापून घेतला तो कागद मी जपून ठेवलाय. थांब, कपाटात आहे, वरच्या खणात. हं. हा घे. तू वाच, तुला आपोआप पडणाऱ्या नोंदी आवडतात ना. बोट ठेवून वाच.

अठरा नोव्हेंबर. पोर्ट सतरा. दोन दहा, ग्राहकाला फोन केला, उचलला नाही. समोर नंबर कोणाचा? माझा. दोन पंधरा, तेच. पुढे तेच. तीस ओळी मोज. ज्या स्क्रिप्टने त्या लिहिल्या असत्या, ती तीन महिन्यांपूर्वी पुसलेली होती. हे एक वेळ सोडून देऊ. म्हणू, कुठे तरी एखादी प्रत राहिली असेल.

आता सगळ्यात खालची ओळ बघ. एकतिसावी. चार चाळीस. नंबर त्या पोराचा. तो आम्ही तिथूनच लावून बघितला होता, तर ऑगस्टपासून बंद. साडू देवाशपथ सांगत होता की त्याच्या स्क्रिप्टमध्ये एकच वाक्य होतं, दुसरं त्याने कधी लिहिलंच नव्हतं, कारण दुसऱ्याची गरज पडणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

मोठ्याने वाच. यांनाही ऐकू दे.

'ग्राहकाला फोन केला. उचलला.'